भाडे आपण भरतो, मोजणीही आपणच करू

(नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कापसाचा भाव झाला, ज्वारीचा झाला, विजेच्या बिलावर बोलून झाले. आता रेल्वे आणि विमानतळ यांवर बोलायचे आहे म्हटल्यावर मागच्या रांगेतून कोणी विचारील, की आम्ही कोरडवाहू माणसे, आमचा विमानाशी काय संबंध? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आपल्या कापसाच्या भावातच आहे.

कापसाचा भाव शेतात ठरत नाही. दूरच्या गिरणीला गाठ ज्या भावाने परवडते तो भाव आधी ठरतो. तिथून मागे येत येत गाडीभाडे वजा होते, हमाली वजा होते, जिनिंग-प्रेसिंग वजा होते, दलाली आणि व्याज वजा होते. हे सगळे जाऊन जे उरते ते आपल्या हातावर पडते. बिल्टीवर नाव व्यापाऱ्याचे असते, भाडे मात्र आपण भरतो. ज्वारीचे तसेच, सोयाबीनचे तसेच, तुरीचेही तसेच. उलट दिशेने येणाऱ्या मालाचीही गोष्ट वेगळी नाही. जून महिना आला, की "नांदेडला रेक लागली का? लातूरला लागली का?" ही चौकशी प्रत्येक गावात होते. रेक म्हणजे खताची मालगाडी. ती वेळेवर लागली तर पेरणीला डीएपी मिळतो, नाही तर दुकानदाराच्या मर्जीवर.

म्हणून रेल्वेची आखणी हा शहरातल्या प्रवाशांचा विषय नाही. तो शेतीमालाच्या भावाचा विषय आहे. आम्ही आज एवढेच सांगणार आहोत, की या आखण्यांत आपला माल कोणी मोजत नाही. तो आपणच मोजला पाहिजे.

जुन्या दोन लाइनींचा धडा

आपल्या दोन जिल्ह्यांत रेल्वे दोन वेगळ्या वाटांनी आली. मनमाडहून जालना, परभणी, नांदेड करीत सिकंदराबादला जाणारी लाइन निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमारास पुरी झाली. ती मीटरगेज होती. लातूरला आली ती बार्शी लाइट. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने ती काढली. १८९७ मध्ये ती बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, इथून बार्शीला आली आणि १९११ मध्ये लातूरला पोचली. तिच्या दोन रुळांतले अंतर होते फक्त अडीच फूट.

या लाइनींनी बाजार उभे केले हे खरे. स्टेशन आले तिथे गंज भरला, अडत बसली, जिनिंग आले. पण रुळांची रुंदी वेगळी असल्याने आपल्या मालाच्या मानेवर एक जू कायमचे बसले. लातूरचा माल कुर्डुवाडीला उतरवायचा आणि मोठ्या गाडीत भरायचा. नांदेडची गाठ मनमाडला उतरवायची आणि पुन्हा भरायची. दुहेरी हमाली, फाटलेली पोती, सांडलेले धान्य, गाडीची वाट पाहण्यात गेलेले दिवस, हे सगळे कोणाच्या भावातून गेले ते सांगायला नको.

नांदेडची लाइन रुंद व्हायला १९९० चे दशक उजाडले. त्यासाठी गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या, हैदराबाद मुक्तिसंग्रामात उभे राहिलेल्या माणसांना स्वतंत्र भारतात पुन्हा आंदोलन करावे लागले. कुर्डुवाडी–लातूर रुंद झाली २००७-०८ मध्ये. लातूरच्या बाबतीत चुकीच्या रुंदीची किंमत जवळजवळ शंभर वर्षे मोजली गेली.

आणि रुंदी बरोबर झाल्यावर काय होते तेही आपण पाहिले. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली गाडी लातूरला आली. पहिल्या फेरीत दहा टाक्या आणि सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास टाक्यांची गाडी धावू लागली, म्हणजे एका फेरीला २५ लाख लिटर. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव, लातूर ही सुमारे साडेतीनशे किलोमीटरची वाट जुन्या बार्शी लाइटचीच आहे. ती अडीच फुटांचीच राहिली असती तर पन्नास टाक्यांची गाडी त्या उन्हाळ्यात लातूरला पोचली असती का? आखणी ही अशी गोष्ट आहे. आज टाकलेली रेघ पन्नास वर्षांनी कोणाला पाणी पाजते, नाही तर कोणाचा घसा कोरडा ठेवते.

पाहणीत काय मोजतात

आता नवी लाइन ठरते कशी ते पाहू. रेल्वे आधी पाहणी करते. तिचे दोन भाग असतात. एक अभियंत्यांचा. त्यात चढ-उतार किती, पूल किती, माती कशी, हे पाहतात. आपली काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, त्यामुळे भराव महाग पडतो. दुसरा भाग वाहतुकीचा. या वाटेने किती माणसे आणि किती माल जाईल याचा अंदाज त्यात बांधतात. दोन्ही मिळून खर्चावर परतावा किती टक्के येईल ते काढतात. अनेक वर्षे १४ टक्के परतावा ही रेल्वेची कसोटी होती. त्याखाली आकडा आला, की फाईलवर शेरा पडतो – लाइन परवडणारी नाही.

ग्यानबाची मेख इथे आहे. ज्या तालुक्यात रेल्वेच नाही तिथून रेल्वेने जाणारा माल आज किती? शून्य. मग अंदाज बांधायचा तो ट्रकवाल्यांना, मोठ्या व्यापाऱ्यांना, कारखान्यांना विचारून. सिमेंटचा कारखाना आपला आकडा छापील कागदावर देतो. कोळशाचा आकडा वीज केंद्राकडून येतो. चाळीस गावांतला कापूस, सोयाबीन आणि तूर यांचा आकडा द्यायला कोणी नसते. शेतकऱ्याचा माल विखुरलेला असतो, म्हणून तो कागदावर नसतो. कागदावर नाही म्हणून परतावा दिसत नाही आणि परतावा दिसत नाही म्हणून लाइन नाही. पेरणी न करताच उगवण मोजण्याचा हा प्रकार आहे.

राजकीय रेट्याने लाइन मंजूर झाली तरी पैसा थेंबाथेंबाने येतो. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला. बीडहून अहिल्यानगरला पहिली प्रवासी गाडी सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. तीस वर्षे! मंजुरीच्या साली जन्मलेले पोर बाप झाले तेव्हा गाडी आली. वर्धा–यवतमाळ–नांदेड हा सुमारे २८४ किलोमीटरचा मार्ग घ्या. भूमिपूजन २००९ चे, आणि वर्धा ते कळंब हा पहिला तुकडा सुरू झाला फेब्रुवारी २०२४ मध्ये. नांदेडच्या टोकाला हदगाव, अर्धापूरच्या शेतकऱ्यांनी मधली वर्षे कशी काढायची? शेतावर नकाशातली रेघ पडली, की विहीर खोदावी की नाही कळत नाही, बाग लावावी की नाही कळत नाही, आणि गिऱ्हाईकही त्या जमिनीकडे फिरकत नाही. उशिराचा खर्च सरकारच्या अंदाजपत्रकात कोटींत लिहिला जातो. आपल्या शेतातला खर्च कोणीच लिहीत नाही.

आपल्याच दोन जिल्ह्यांचे पाहा. लातूर आणि नांदेड शेजारी शेजारी. पण लातूरचा माल रेल्वेने नांदेडला न्यायचा तर लातूर रोड, परळी, परभणी, पूर्णा असा वळसा पडतो. लातूर रोडहून थेट नांदेडला लाइन टाकण्याची मागणी जुनी आहे. त्यात कचेऱ्याही वेगळ्या. लातूर मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात. नांदेड दक्षिण मध्य रेल्वेत, २००३ पासून तिथे स्वतंत्र विभाग आहे, पण मुख्य कचेरी सिकंदराबादला. एका मराठवाड्याच्या दोन शेजाऱ्यांनी एक निवेदन मुंबईला द्यायचे आणि एक सिकंदराबादला.

विमानाचा हिशेब

आता विमानतळ. आम्ही विमानाच्या विरोधात नाही. हुजूर साहिबच्या दर्शनाला देशभरातून भाविक येतात. २००८ मध्ये गुरुतागद्दीची तीनशे वर्षे झाली तेव्हा नांदेडचा विमानतळ नव्याने उभा राहिला, ते गरजेचेच होते. अडलेल्या रोग्याला तासाभरात हैदराबादला नेता आले तर कोणाला नको आहे? पण हिशेब मांडायला हरकत नाही.

२००९ मध्ये राज्याने नांदेड, लातूर, धाराशिव, यवतमाळ आणि बारामती हे पाच विमानतळ दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने खासगी कंपनीकडे दिले. पुढे ते परत घेण्याची चर्चा विधिमंडळात झाली. एप्रिल २०१७ मध्ये केंद्राच्या उडान योजनेत नांदेड–हैदराबाद विमान सुरू झाले. काही वर्षांनी ती कंपनीच बंद पडली आणि २०२४ मध्ये दुसऱ्या कंपनीने नव्याने सेवा सुरू केली. लातूरला धावपट्टी आहे, पण नियमित प्रवासी सेवा तिथे टिकलेली नाही.

उडान योजना चालते कशी? विमानातल्या काही जागांचे तिकीट बांधून दिलेले असते. तासाभराच्या प्रवासाला सुरुवातीला ते २५०० रुपये होते. खर्च आणि हे तिकीट यांतला फरक कंपनीला भरून दिला जातो, त्यात राज्याचाही वाटा असतो. ही मदत तीन वर्षे. त्यानंतर मार्गाने स्वतःच्या पायावर उभे राहावे ही अपेक्षा. देशाच्या महालेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये याचा हिशेब तपासला. त्यांनी पाहिलेल्या ७७४ मार्गांपैकी सुरू झाले ३७१, तीन वर्षे पुरी केली ११२ मार्गांनी, आणि मदत संपल्यावर मार्च २०२३ मध्ये तग धरून होते फक्त ५४.

आम्हाला यात दोन गोष्टी दिसतात. विमानतळाच्या आखणीतही प्रवासी किती येतील याचा अंदाजच चुकतो, आणि तो चुकला तर फरक भरून द्यायला सरकार तयार असते. मग हमीभावाखाली विकल्या गेलेल्या ज्वारीच्या पोत्याचा फरक कोणी भरायचा? दुसरी गोष्ट अशी, की कापूस आणि ज्वारी कधी विमानात बसणार नाहीत. ज्याचे वजन कमी आणि किंमत जास्त, तोच माल विमानाचे भाडे सोसतो. फुले, काही फळे, औषधे. तेही शीतगृह आणि मालाची स्वतंत्र सोय असेल तर. म्हणून कोरडवाहू शेतकऱ्याने विकासाचे माप म्हणून विमानतळ पाहू नये. त्याचे माप आहे मालधक्का.

मालधक्का कुठे आहे?

२०२५ च्या ऑगस्टमध्ये मुंबईची वंदे भारत नांदेडपर्यंत आली. झेंडे फडकले, फोटो निघाले. लातूरला हरंगुळच्या रेल्वे डबा कारखान्यातून २०२० च्या डिसेंबरात पहिला सांगाडा बाहेर पडला, त्याचाही आनंद आहे. पण मालधक्क्याला पक्का रस्ता, पावसात पोती भिजू नयेत म्हणून छप्पर, हमालांना पाणी आणि सावली, रात्री दिवे, यासाठी झेंडा दाखवायला कोण येतो?

एका मालगाडीत साधारण ४२ बंद डबे लागतात आणि सुमारे २६०० टन माल बसतो. म्हणजे २६,००० क्विंटल. कोरडवाहू सोयाबीन हेक्टरी १० क्विंटल धरले, तर २६०० हेक्टरांचा माल. एका गावात ५०० हेक्टर सोयाबीन धरा. पाच-सहा गावांचे सोयाबीन म्हणजे एक पूर्ण गाडी! कापसाचे गणितही करून ठेवा. पाच क्विंटल कापसाची साधारण एक गाठ होते, १७० किलोची. उरते ती सरकी. गावात ४००० क्विंटल कापूस आला तर आठशे गाठी झाल्या. कापूस घरातून जातो तेव्हा आपण क्विंटल मोजतो. तो रेल्वेच्या दारात जातो तेव्हा गाठी आणि गाड्या मोजायला शिकले पाहिजे.

तर माल आहे. मग अडते कुठे? अडते ते असे, की गाडी ठरलेल्या तासांत भरून द्यावी लागते, उशीर झाला की दंड पडतो. एकट्या शेतकऱ्याजवळ २६,००० क्विंटल नसतात, ते मोठ्या व्यापाऱ्याजवळ असतात. म्हणून रेल्वेचे स्वस्त भाडे त्याच्या खिशात जाते आणि आपल्या गावातला भाव ट्रकच्या भाड्याने कापला जातो. थोडा माल घेणारी गाडी काढताच येत नाही असे मात्र नाही. ऑगस्ट २०२० मध्ये देवळाली ते दानापूर किसान रेल्वे निघाली. तिने कितीही थोडा माल घेतला. पुढे भाड्यात ५० टक्के सवलत मिळाली आणि आपल्या नांदेड विभागातल्या नगरसोलहून कांदा देशाच्या दुसऱ्या टोकाला गेला. सवलत होती तोवर गाड्या धावल्या. म्हणजे अडचण रुळांची नव्हती, इच्छेची होती.

भाडे वाचले म्हणजे ते आपोआप आपल्याला मिळेल, असेही समजू नका. एकच खरेदीदार असेल तर वाचलेले भाडे तोच खाईल. दोन-चार खरेदीदार चढाओढ करतील, किंवा आपली उत्पादक कंपनी स्वतः गाडी भरू शकेल, तेव्हाच त्यातला पैसा शेतापर्यंत येईल. म्हणून मालधक्क्याजवळ आपले गोदाम हवे. पाच-सहा गावांनी माल एकत्र ठेवायचा, गाडी मागवायची आणि भरायची. खत उतरवून डबे रिकामे परत जातात. रिकाम्या दिशेने माल भरणाऱ्याला भाड्यात सूट देण्याची पद्धत रेल्वेत आहे. ती सूट मागणारा शेतकरी आजवर कोणी पाहिला आहे काय?

जमीन जाते तेव्हा

लाइन हवी म्हणताना जमिनीचे बोलणे टाळून चालणार नाही. जमीन आपलीच जाणार आहे. २०१३ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला आणि १८९४ चा इंग्रजी कायदा गेला. रेल्वेचा स्वतःचा कायदा वेगळा आहे. त्यात अधिसूचना निघाल्यापासून हरकतीला ३० दिवस मिळतात. पण २०१५ पासून मोबदला मात्र २०१३ च्या कायद्याच्या मापानेच द्यावा लागतो. ते माप नीट समजून घ्या.

बाजारभाव ठरवताना आधीच्या तीन वर्षांतली खरेदीखते पाहतात. त्यातली जास्त किमतीची निम्मी खते घेऊन सरासरी काढतात. ग्रामीण भागात तिला १ ते २ मधला, राज्याने ठरवलेला गुणक लावतात. विहीर, झाडे, घर यांची किंमत त्यात मिळवतात आणि एकूण रकमेवर शंभर टक्के दिलासा रक्कम देतात. म्हणजे सगळा डोलारा खरेदीखतावर उभा आहे. मुद्रांक शुल्क वाचवायला खतात किंमत कमी लिहायची आपली जुनी रीत आहे. ती सगळ्या गावाच्या मोबदल्याला आग लावते. तसेच सातबारावर विहिरीची नोंद नसेल आणि पीकपाहणीत नुसते 'जिरायत' असेल, तर बागायतीचा दर मागता येणार नाही. २०२१ पासून ई-पीक पाहणी आपल्याच हातात आली आहे. ती दर हंगामाला करा.

शेतीशास्त्र शिकलेले म्हणून आणखी एक सांगतो. रुळांचा भराव हा एक लांबच लांब बांध असतो. काळ्या जमिनीत पाण्याचा उतार अडला, की वरच्या अंगाचा कापूस पिवळा पडतो आणि खालच्या अंगाची विहीर आटते. मोऱ्या कुठे ठेवायच्या हे नकाशातल्या अभियंत्यापेक्षा त्या शेतातला म्हातारा नेमके सांगेल. आणि फाटकाऐवजी भुयारी मार्ग होतो तेव्हा तो पावसाळ्यात तळे होऊ नये, आणि कडब्याने भरलेली गाडी खालून जाईल एवढी उंची त्याला असावी. लाइन झाल्यावर याची तक्रार करणे म्हणजे वरातीमागून घोडे. हे हरकतीच्या मुदतीत लेखी दिले पाहिजे.

आता करायचे काय?

चार कामे सांगतो. या बैठकीतून उठताना प्रत्येकाने आपल्या गावापुरती ती अंगावर घ्यावीत.

पहिले. गावाची मालमोजणी. एका वहीत लिहा – कोणत्या पिकाखाली किती क्षेत्र, किती क्विंटल माल निघाला, किती विकला, कोणत्या महिन्यात, कोणत्या बाजारात, क्विंटलला भाडे किती पडले. खत किती आले आणि कोणत्या रेक पॉइंटवरून आले तेही लिहा. ग्रामसभेत वाचा, ठराव करा. तालुक्याची बेरीज आपण करू. पुढच्या पाहणीला अधिकारी येतील तेव्हा व्यापारी मंडळाच्या कागदाशेजारी आपलाही कागद असला पाहिजे.

दुसरे. स्टेशनावर जाऊन आपला मालधक्का पाहा. छप्पर, रस्ता, पाणी, दिवे, काय आहे आणि काय नाही ते लिहा. निवेदन नांदेडच्या आणि सोलापूरच्या, दोन्ही विभागीय कचेऱ्यांत द्या. रेल्वेच्या सल्लागार समित्यांवर व्यापार-उद्योगाबरोबर शेतकरी संघटनांचे प्रतिनिधी घेण्याची तरतूद आहे. त्या खुर्च्या रिकाम्या सोडू नका.

तिसरे. ज्यांच्या शेतावरून रेघ गेली आहे त्यांनी सातबारा, पीकपाहणी, विहीर, झाडे यांचे कागद याच हंगामात सरळ करावेत आणि मोऱ्या, भुयारी मार्ग यांच्या मागण्या गावाने एकत्र द्याव्यात. एकट्याने भेटायला गेलेल्याला चहा मिळतो, गावाने गेलेल्यांना उत्तर मिळते.

चौथे. उत्पादक कंपन्या असलेल्या गावांनी एका हंगामात एकत्र येऊन एक तरी गाडी भरून दाखवायची. पहिली गाडी तोट्यात गेली तरी चालेल, पण वाट मोडली जाईल.

रेल्वे द्या म्हणून हात जोडायची सवय आपल्याला लागली आहे. भीक मागणाऱ्याचा माल कोणी मोजत नसतो. आपण या रेल्वेचे गिऱ्हाईक आहोत आणि भाडे भरणारे आहोत. गिऱ्हाईकाने आपली यादी घेऊन दुकानात जावे. ती यादी या हंगामात तयार करू या. गाव करी ते राव न करी, हे आपणच म्हणतो. आता ते वहीत उतरवू या.